परदेशी जाण्यापूर्वी

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघाला असता, दोराला हात लावण्यासाठी लोटलेल्या गर्दीतून वाट काढीत एक गृहस्थ माझ्यापाशी आले, आणि आपली पदवीधर कन्या स्कॉटलंडमधील अपंग बालकांच्या निवासी शाळेत वर्षभर विनावेतन सेवेस जाऊ इच्छिते, हे त्यांनी इतक्या दबल्या आवाजात सांगितले, की जणू तिच्या हातून काही प्रमादच घडला होता. "मास्तर, पगार नाही, पदवी नाही, मग पोरीले एवढ्या लांब धाडू कशाले?" गर्दीत उत्तर अर्धेच देता आले, उरलेले येथे देतो.

ज्या कॅम्पहिल चळवळीच्या शाळांत विनावेतन सेवेची ही प्रथा रुजली, तिचा उगमच निर्वासितांच्या हालअपेष्टांत आहे. कार्ल क्योनिग हे व्हिएन्नाचे बालवैद्य, जन्माने ज्यू. 1938 साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ते व त्यांचे तरुण सहकारी स्कॉटलंडच्या आश्रयास गेले, आणि 1 जून 1940 रोजी अ‍ॅबर्डीननजीकच्या कॅम्पहिल नामक वास्तूत बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग आला तेव्हा, पुरुषमंडळी शत्रुराष्ट्रीय म्हणून सरकारी स्थानबद्धतेत असल्यामुळे, ते सारे ओझे स्त्रियांनीच वाहिले. पुढे वाढलेल्या त्या परंपरेत सेवक आणि मुले एकाच छपराखाली राहतात, एकाच मेजाशी जेवतात. म्हणूनच स्वयंसेवकास पगाराऐवजी निवास, भोजन आणि किरकोळ हातखर्च मिळण्याचा शिरस्ता पडला.

आता काम. पहाटे मुलाला उठवावे, त्याचे दात घासावेत, ओली चादर निमूटपणे बदलावी, न बोलणाऱ्या मुलापुढे चित्रांचे फलक धरून त्याला दूध हवे की पाणी हे जाणून घ्यावे, आणि अपस्माराचा झटका आल्यास तो किती वेळ टिकला याची घड्याळ पाहून नोंद करावी. दोर ओढणारे सर्वांना दिसतात. चाकाखाली मोगरी सरकवून रथाची गती आवरणारा मात्र क्वचितच कोणाच्या नजरेत भरतो. हे काम मोगरीवाल्याच्या जातीचे आहे, आणि छायाचित्रांच्या हौसेने जाणाऱ्यास ते दुसऱ्याच आठवड्यात नकोसे होते.

कागदपत्रांविषयी पालकांनी काही गोष्टी ध्यानी धराव्यात. ब्रिटनमध्ये धर्मादाय सेवेच्या परवान्याची मुदत जास्तीत जास्त 12 महिने असते, आणि त्यावर वेतन घेता येत नाही. अशा सेवेसाठी जर्मनीला जायचे असल्यास, तेथे ऐच्छिक सामाजिक वर्षाचा कायदा 1964 पासून आहे. वयोमर्यादा 27 वर्षे, वर्षभराच्या सेवेत 25 दिवस प्रशिक्षणाचे. मात्र जर्मन भाषा येथूनच शिकून जावी लागते, त्यासाठी पुण्याचे मॅक्समुल्लर भवन आहे. सेवेची संधी मिळवून देतो म्हणून लाखांची रक्कम मागणारा दलाल भेटल्यास त्याला चहासुद्धा पाजू नये. उलट संस्थेने पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला मागितला, मुलाखतीत खोदून खोदून प्रश्न विचारले, तर अपमान मानू नये. लेकरे परक्याच्या हाती सोपवताना ती जागरूक आहे, एवढेच त्यातून कळते.

तरीही माझा आग्रह असा, की विमानाच्या तिकिटाआधी काही रात्री आपल्याच मुलखातील निवासी संस्थेत काढाव्यात. पुण्यानजीक मुळशीच्या कोळवण खोऱ्यात 1994 साली सुरू झालेले साधना व्हिलेज कॅम्पहिलच्याच धर्तीचे, फक्त प्रौढांसाठी. तेथील मतिमंद रहिवाशांना 'विशेष मित्र' म्हणतात. दिवसाची भेट पुरेशी नाही. रात्रीच कळते, आपण कोण आहोत ते.

परदेशातील हे वर्ष म्हणजे पात्रता नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. त्यामुळे जाणकार शिक्षकांची निकड वाढली असली, तरी विशेष शिक्षणातील मान्यताप्राप्त पदविका वा पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी यांवाचून या व्यवसायात रीतसर प्रवेश नाही. ज्याला तो अभ्यासक्रम पुढे करावयाचा आहे, त्याच्या हातांना मात्र त्या वर्षाने अशी सवय लागते, जी वर्गातील बाकावर बसून लागत नाही.

त्या कन्येला मी एकच प्रश्न लिहून दिला, मुलाखतीच्या शेवटी संस्थेलाच विचारण्यासाठी : रात्री दोन वाजता मुलाला झटका आला, तर माझ्या शेजारच्या खोलीत कोण असेल?