वहीत उतरलेली ताकद

प्रश्न : हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस भरतीसाठी वर्षभर जिम करतोय. ताकद वाढतेय की नाही, कसं ओळखू?
– एक वाचक, वसमत

उत्तर : साधी वही घ्या. ॲपही चालेल, पण दोन सेटच्या मध्ये हाती आलेला मोबाइल लवकर खाली ठेवला जात नाही! तारीख, व्यायाम, वजन, रेप्स सेट संपताच लिहा, घरी जाऊन आठवून नको. ‘स्क्वॉट ६० किलो : ५, ५, ४’ एवढी ओळ पुरते.

ठरल्यापेक्षा दोन रेप्स जास्त, तेही लागोपाठ दोन वेळा निघाले, की अडीच किलो वाढवा. एका उचलीची कमाल काढायची तर वजनाला रेप्सने गुणा, तिसाने भागा, आलेला आकडा वजनात मिळवा. ६० किलो पाचदा म्हणजे अंदाजे ७०. दहाच्या वर रेप्स गेले की हा हिशेब फसवा.

झोप आणि शेतकामही टिपा. हळद काढणीच्या दिवसांत आकडे घसरले, तर उगाच धसका घेऊ नका.

मात्र भरतीत बेंच प्रेसला गुण नाहीत. ७.२६० किलोच्या गोळ्याचं अंतर, १०० मीटर आणि ५ किलोमीटरची वेळ त्याच वहीत दर पंधरवड्याला लिहा. बेंच वाढूनही गोळा तिथंच पडत असेल, तर वजनं थोडी बाजूला ठेवून फेकीचं तंत्र सुधारा.