विहिरीची परीक्षा: सहा वाट्या, ब्लीचिंग पावडर आणि भाताची पेज

रोवणीचे दिवस आले की भंडारा जिल्ह्यातल्या विहिरी वर येतात. बांध्या भरतात, बोड्या सांडतात, आणि उन्हाळाभर खाली गेलेले पाणी हाताच्या अंतरावर दिसू लागते. सगळ्यांना बरे वाटते. नेमके त्याच दिवसांत हगवण आणि काविळीचे रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात वाढतात. वर आलेले पाणी येताना गोठा, उकिरडा आणि फुटकी नाली यांना धुऊन आलेले असते, आणि तरीही पेल्यात घेतले तर ते नितळच दिसते.

"आमच्या विहिरीत पावडर टाकतात" असे सगळेच सांगतात. किती टाकतात, किती पुरते आणि टाकलेल्या पावडरीतले पाण्यात उरते किती, हे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. विहारातल्या रविवारच्या वर्गात आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आम्ही हाच प्रश्न प्रयोगातून सोडवायला देतो. रसायनशास्त्राचे पुस्तक त्यांनी शाळेत वाचलेले असते. ते आपल्या विहिरीला लागू पडते हे बहुतेकांना ठाऊक नसते.

प्रयोग नवा नाही. ब्रिटिश लष्करातील डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी तो सैनिकांच्या पिण्याच्या पाण्यासाठी बसवला. आजही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात 'हॉरॉक्स संच' शिकवतात. त्यात सहा पांढरे कप, एक काळा कप, 2 ग्रॅमचा चमचा आणि थेंब टाकण्याची खास नळी असते. ज्या क्रमांकाच्या कपात पहिल्यांदा ठळक निळा रंग येतो, तितके चमचे पावडर 455 लिटर पाण्याला लागते. 455 हा विचित्र आकडा का, असे मुले हमखास विचारतात. ते जुन्या मापाचे 100 गॅलन आहेत.

संच जवळ नसेल तर काम अडत नाही. एकसारख्या सहा पांढऱ्या वाट्या घ्याव्यात, आणि प्रत्येकीत विहिरीचे 200 मिली पाणी मोजून घालावे. स्टीलच्या वाट्या नकोत. रंग नीट दिसत नाही आणि क्लोरिन धातूला खातो. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि चौपदरी कापडाने गाळावे. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे परिस्सावन असते हे आपल्याला माहीत आहे. गाळल्याने पाण्यातले किडे आणि कचरा अडतो, जंतू अडत नाहीत. पुढचे काम रसायनाचे.

आता 2 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीतली टीसीएल पावडर, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात घ्यावी. थोड्या पाण्यात लगदा करावा, मग 200 मिलीपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि चुना खाली बसू द्यावा. वरची निवळी तेवढी वापरायची. सुई नसलेली 1 मिलीची सिरिंज घेऊन पहिल्या वाटीत 0.1 मिली, दुसरीत 0.2, असे करत सहावीत 0.6 मिली निवळी घालावी. प्रत्येक वाटी वेगळ्या काडीने ढवळावी. मग घड्याळ लावून अर्धा तास थांबावे. हा अर्धा तास मुलांना फार मोठा वाटतो, पण क्लोरिनला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

तेवढ्यात दर्शक तयार होतो. भाताची पातळ, गाळलेली, थंड पेज अर्धी वाटी घ्यायची आणि शाळेच्या प्रयोगशाळेतले पोटॅशियम आयोडाइड चिमूटभर त्यात विरघळवायचे. धानाच्या जिल्ह्यात स्टार्च विकत आणण्याची गरज नाही. दर्शक त्याच दिवशी करावा, शिळी पेज फसवते. अर्ध्या तासानंतर प्रत्येक वाटीत त्याचे चार-पाच थेंब टाकून ढवळावे आणि रंग लगेच पाहावा. बराच वेळाने उमटणारा फिका निळा धरू नये.

पहिल्या एक-दोन वाट्या कोऱ्या राहतात आणि नंतर एकदम निळे दिसते. त्या क्षणी वर्गात गलका होतो आणि तो आम्ही होऊ देतो. घडले असे: पावडर पाण्यात गेली की तिच्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होते, तेच जंतू मारते. पण ते फक्त जंतूंनाच शोधत जात नाही. पाण्यातला सडलेला पाला, शेण, मैला, लोह, जे समोर येईल त्यावर ते खर्च होते. सगळ्यांची देणी भागल्यावर जे शिल्लक उरते त्याला आपण उर्वरित क्लोरिन म्हणतो. ते आयोडाइडमधून आयोडिन मोकळे करते. आयोडिन स्टार्चच्या नागमोडी साखळीत शिरते आणि निळा रंग येतो. कोऱ्या वाटीतही पावडर पडली होती, पण ती पाण्यातल्या घाणीतच संपली.

यापुढचा भाग आम्ही कधीच गाळत नाही. त्याच विहिरीच्या पाण्याची आणखी एक रांग मांडायची आणि तिच्यातल्या प्रत्येक वाटीत गाळलेल्या शेणपाण्याचे दोन-तीन थेंब टाकायचे. तिसरी रांग मांडून तीत दुधाचा एकेक थेंब टाकायचा. बाकी कृती तीच. निळा रंग आता पुढच्या वाटीत सरकतो, कधी दोन-तीन वाट्या पुढे.

मग महाड सांगायचे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. तळे बाटले म्हणून पुढे 108 घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही घालून त्या तळ्यात बुडवल्या गेल्या आणि त्याला शुद्धी म्हटले गेले. तळे सर्वांचे आहे असा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून मिळायला 17 मार्च 1937 उजाडला. समोरच्या वाट्यांकडे पाहत हा इतिहास ऐकला की वेगळे भाष्य करावे लागत नाही. एका मुलीने विचारले, "मग खरे बाटवले कोणी?" आम्ही तिला वाट्यांचे क्रमांक वहीत लिहायला सांगितले.

आता हिशेब. 200 मिली पाण्यात 0.1 मिली निवळी म्हणजे 1,000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम पावडर. दुसऱ्या वाटीत निळा आला तर 10 ग्रॅम, तिसऱ्या वाटीत आला तर 15. गोल विहिरीचे पाणी काढण्यासाठी व्यासाला व्यासाने गुणावे, पाण्याच्या खोलीने गुणावे, 3.14 ने गुणावे, 4 ने भागावे. हे घनमीटर झाले. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर 28.26 घनमीटर, म्हणजे 28,260 लिटर. दुसऱ्या वाटीच्या हिशेबाने सुमारे 283 ग्रॅम पावडर लागेल. दहावीच्या मुलाला हे गणित जड नाही. 'दोन मुठी टाका' या पद्धतीपेक्षा ते नक्कीच बरे.

या पद्धतीचा आणखी एक गुण आहे. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरिन साधारण 33 टक्के असते. पोते उघडे राहिले, ओल लागली की ते उडून जाते आणि नुसता चुना उरतो. प्रयोगात तीच पावडर वापरली तर तिचा कमकुवतपणा निकालात आपोआप धरला जातो. म्हणून प्रयोगाला एक पावडर आणि विहिरीला दुसरी, असे कधी करू नये.

विहिरीत पावडर टाकण्याचे काम मुलांचे नाही. ते जलसुरक्षकाने किंवा आरोग्य सेवकाने करावे. आपण पाहावे आणि विचारावे. एका प्लास्टिकच्या बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. वरच्या हिशेबाला तीन बादल्या झाल्या. लगदा, मग पाणी, दहा मिनिटे निवळू देणे, आणि फक्त निवळी विहिरीत सोडून पाणी घुसळणे. तळचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. कमीत कमी एक तास पाणी काढू नये. रात्री सगळे पाणी भरून झाल्यावर हे केले तर उत्तम. सकाळी ओटी चाचणी करावी. नमुन्यात द्रावण टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे. नळातही ते प्रति लिटर निदान 0.2 मिलिग्रॅम असायला हवे.

काळजीची बाब एकच, पण ती प्राणाशी आहे. ब्लीचिंग पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा लिंबू-व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नये. विषारी क्लोरिन वायू सुटतो. पावडर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून हाताळावी, नाकाजवळ नेऊ नये. वाट्यांतले पाणी ओतून द्यावे, पिऊ नये.

आता वर्गातल्या एका निकालाविषयी. गावाची नावे सांगत नाही. मुलांनी दोन विहिरी तपासल्या. चौकातल्या विहिरीचे पाणी दुसऱ्या वाटीत निळे झाले, वस्तीच्या टोकाच्या विहिरीचे पाचव्या. पहिली सूचना आली की इथे पावडर वाढवा. वाढवायलाच हवी, पण पाचवी वाटी त्याहून जास्त काही सांगत होती. मुलांनी विहिरीभोवती फेरी मारली. कठड्याला भेग होती, ओटा खचला होता, आणि चार पावलांवर सांडपाणी साचले होते. पावडर रोज टाकली तरी घाण रोज झिरपणार. अशा ठिकाणी दुरुस्ती मागावी लागते. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या पंचायतीला कोणते मिळाले आणि आपल्या वस्तीच्या विहिरीपाशी काय आढळले, हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात ठेवावी. क्लोरिनने फ्लोराइड जात नाही, नायट्रेट जात नाही, कारखान्याचे रसायन जात नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यात थांबते. पवनी, भंडारा भागात नदीकाठी राहणाऱ्यांनी अशा पाण्याचे नमुने प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावेत. निळा रंग दिसला म्हणून तिथे निर्धास्त होऊ नये.

विहारात एक वही ठेवावी. तारीख, विहीर, पाण्याची खोली, पाऊस पडला होता का, कितव्या वाटीत निळा आला, पावडर कधीची होती, एवढे रकाने पुरेत. जूनपासून दर पंधरवड्याला नोंद केली तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत पाच नोंदी होतात. सभेत ही वही मुलांनीच वाचून दाखवावी, आणि दुरुस्तीचा अर्ज सोबत असावा.