शंख-वराटिका आणि समुद्रजलाची वाढती अम्लता

शंख व वराटिका ही सागरोत्पन्न द्रव्ये आपण अम्लपित्त, परिणामशूल, ग्रहणी इत्यादी व्याधींत नित्य योजतो. देवळीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावी ती आम्हांस व्यापाऱ्याच्या गोणीतच दिसतात. ती ज्या जलात घडतात, त्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

ही कवचे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची, विशेषतः ॲरागोनाइट या अधिक विद्राव्य रूपाची असतात. शोधनार्थ वराटिका निंबूरसात घातली असता बुडबुडे येतात. कवचाचा अंश विरघळून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. हा आपला नित्याचा अनुभव आहे.

समुद्रात आरंभ या वायूपासूनच होतो. हवेतील वायू जलात मिसळून कार्बोनिक आम्ल बनते. त्यातील हायड्रोजन आयन कार्बोनेटशी संयोग पावतात व कवच घडविण्यास लागणारे कार्बोनेट उणे पडते. औद्योगिक युगापूर्वी पृष्ठजलाचा सामू सुमारे ८.२ होता, आज तो सुमारे ८.१ आहे. समुद्र अद्याप क्षारधर्मीच आहे, तथापि ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ होय.

इटलीतील इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून हा वायू निसर्गतःच निघतो. तेथे गोगलगायींची कवचे झिजलेली आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण महासागरातून २००८ मध्ये घेतलेल्या सूक्ष्म तरंगत्या गोगलगायींची कवचेही जिवंतपणीच विरघळत असल्याचे २०१२ मध्ये प्रकाशित झाले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही नैर्ऋत्य मोसमी काळात खालचे अल्पप्राणवायू व अधिक अम्ल जल वर येते.

म्हणून बाजारातील प्रत्येक हलकी कवडी समुद्राच्या अम्लतेमुळेच हलकी झाली, असे म्हणणे योग्य नव्हे. जाती, वय व लाटांची झीज हीही कारणे असतात. परंतु रसरत्नसमुच्चयात दीड निष्क भाराची वराटिका श्रेष्ठ, एक निष्काची मध्यम व पाऊण निष्काची कनिष्ठ सांगितली आहे. भार हीच तेथे परीक्षा आहे.

आपण मात्र गोणीच्या भावाने खरेदी करतो व ही परीक्षा विसरतो. वैद्यबंधूंनी व औषधनिर्मात्यांनी प्रत्येक खेपेतील काही नग तोलून, पृष्ठभाग खडबडीत वा सच्छिद्र आहे काय हे पाहून, शोधनापूर्वीचे व नंतरचे वजन नोंदवहीत लिहावे, अशी आमची विनंती आहे. अशा नोंदी वर्षानुवर्षे राहिल्या, तरच द्रव्यात पडणारा फरक आपल्या ध्यानी येईल.