हिमयुगाचा वारसा : सूचिपर्णी वृक्षांतील जनुकीय विविधता

वनसंपत्तीचे मोजमाप आपण हेक्टर व घनमीटर यांत करतो. तिच्यातील जनुकीय विविधता मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ही विविधता बऱ्याच अंशी भूतकाळातील हवामानाने घडविलेली असते.

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग शिखरावर असताना युरोपातील रुपेरी फर हा वृक्ष इटली, बाल्कन अशा मोजक्या आश्रयस्थानांत तगून राहिला. हवामान उबदार होऊ लागल्यावर तो तेथून उत्तरेकडे पसरला. या प्रवासाचा माग डीएनएतून लागतो. पाइन कुळातील वृक्षांत तंतुकणिकांमधील डीएनए बीजाद्वारे मातृवृक्षाकडून येतो, हरितलवकांमधील डीएनए परागाद्वारे पितृवृक्षाकडून. (बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवकेही मातेकडूनच येतात, परीक्षार्थींनी हा भेद ध्यानात ठेवावा.) फरमध्ये पूर्वेकडील व पश्चिमेकडील असे दोन मातृवंश स्पष्टपणे वेगळे दिसतात. परागकण मात्र वाऱ्याबरोबर ही सीमा ओलांडून गेले.

भूमध्य समुद्राभोवतीचा स्टोन पाइन याउलट आहे. खाद्य बियांसाठी माणसाने तो दूरवर लावला, तरी त्याची जनुकीय विविधता अत्यल्प आहे. पूर्वी कधीतरी त्याची संख्या फारच घटली असावी. अर्थशास्त्राच्या भाषेत, उलाढाल मोठी पण राखीव निधी जवळजवळ नाही! म्हणूनच वनीकरणाच्या अहवालात रोपांच्या संख्येबरोबर बीज कोठून व किती वृक्षांकडून घेतले, याचीही नोंद हवी. हिमालयातील देवदार आणि चीड यांच्या रोपवाटिकांनाही हे तितकेच लागू पडते.