डेम्लो संख्येतील हातचा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग होय. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. तिच्या अंकांची बेरीज ८१. ८१ ने तिला निःशेष भाग जातो, म्हणून ती त्यांचीच ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, संख्याही ठरते.

नागपूर विभागातील शिक्षकांनी मात्र एवढ्यावर थांबू नये. गुणधर्म कोठे मोडतो, हे पाहणे अधिक उद्बोधक असते. दहा एकांचा वर्ग विद्यार्थ्यांकडून उभ्या मांडणीने करवून घ्यावा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. तेथे शून्य राहून हातचा डावीकडील नवात मिळतो, तेथेही शून्य येते आणि पुढील आठाचा नऊ होतो.