पाव गोळीचा हिशेब

आमच्या अलिबाग-आक्षी-नागाव पट्ट्यात घरटी एखादा कुत्रा आणि मासळीच्या वासावर येणारी दोन-तीन मांजरं असतातच. त्यांना जीव लावणारी माणसंही पुष्कळ. पण जनावर मलूल दिसलं की या मायेपोटीच घरातला औषधांचा डबा उघडला जातो, आणि तिथेच घात होतो.

शेजारच्या काकूंची मनी तापली होती. बांगडा पुढ्यात ठेवला तरी तोंड फिरवत होती. कुणीतरी सल्ला दिला, "लहान पोराला देतो तशी पाव गोळी दे, उतरेल ताप." काकूंनी पॅरासिटामॉलची पाव गोळी चुरून दुधातून पाजली. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली, तोवर मनीचा चेहरा सुजला होता आणि तिला धाप लागली होती. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्यांचा गुलाबी रंग जाऊन त्या मातकट तपकिरी झाल्या होत्या. ओट्यावरची गोळ्यांची पट्टी तशीच उचलून आम्ही दवाखाना गाठला. पट्टी पाहताच डॉक्टरांना उलगडा झाला आणि त्यांनी लगेच उतारा सुरू केला. मनी वाचली. पण उशीर झालेली कितीतरी मांजरं वाचत नाहीत.

पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची माणसाच्या यकृतात जी सोय आहे, ती मांजरात फारच तोकडी. औषध अंगात साचतं, विष होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच नाहीशी करतं. तीन-चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मारू शकते, पावही धोक्याचीच. कुत्र्यांचं वेगळं. आपण अंगदुखीवर सहज घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने त्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्याचं औषध मांजराला चालतं असंही नाही. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. ते मांजराच्या अंगावर पडलं, किंवा औषध ओलं असताना मांजर त्या कुत्र्याला बिलगून झोपलं, तरी त्याला कापरं भरतं, झटके येतात.

माणसाला चालतं ते जनावरालाही चालेल, या समजुतीची फार मोठी किंमत आपण मोजली आहे. म्हसळा-श्रीवर्धनच्या डोंगरांत आज जी थोडी गिधाडं दिसतात, ती त्यातून उरलेली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त पांढऱ्या पाठीची गिधाडं संपली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्याही बंद करून ३ मिलिलिटरची एकेरी मात्राच ठेवावी लागली.

म्हणून पहिला नियम: पट्टीवर लाल रेघ असलेलं औषध पशुवैद्यांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. आणि रेघ नाही म्हणजे निर्धोक, असंही नाही. पॅरासिटामॉल आपल्याला चिठ्ठीशिवायच मिळतं.

दुसरा नियम वजनाचा. मात्रा किलोवर ठरते, अंदाजावर नाही. काट्यावर आधी आपण एकटं उभं राहावं, मग जनावर उचलून. दोन आकड्यांतला फरक डॉक्टरांना सांगावा. पातळ औषध असेल तर "किती मिलिलिटर?" असं विचारून सिरिंजवर तिथेच खूण करून घ्यावी. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांच्या गोंधळात मात्रा कैक पटींनी चुकू शकते. आधीपासून चालू असलेली औषधंही सांगावीत. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र गेलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आता गोळी गिळवण्याचं. कुत्र्याला तीन घास द्यावेत: पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगोलग रिकामा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता जातो. घास काटे काढलेल्या उकडलेल्या मासळीचा किंवा भाताचा असावा. कालवणाचा नको. आपल्याकडच्या गोड पांढऱ्या कांद्यासकट सगळे कांदे आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशी फोडतात.

मांजराला जुन्या टॉवेलात मान मोकळी ठेवून गुंडाळावं. डोकं वरून धरून नाक थोडं वर केलं की खालचा जबडा सैल पडतो. गोळी जिभेच्या मुळाशी ठेवून तोंड मिटवावं आणि गळा चोळावा. नाक चाटलं की समजावं, गिळली. त्यानंतर गालाच्या फटीतून सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी हळूहळू द्यावंच. गोचीडतापावर देतात ती डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी अन्ननलिकेत अडकली तर जखम होऊन नळी आक्रसते. हे औषध दुधातूनही देऊ नये, कॅल्शियममुळे ते नीट शोषलं जात नाही. कुठलीही गोळी चुरण्याआधी, कॅप्सूल उघडण्याआधी विचारावं.

ताप उतरला, शेपूट हलू लागली म्हणून औषध मध्येच थांबवू नये. गोचीडतापाचा कोर्स बहुधा चार आठवडे चालतो. फिट्सची गोळी किंवा बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड एकाएकी बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये.

आपल्या दमट हवेत गोळ्या लवकर खराब होतात. त्या देईपर्यंत पट्टीतच राहू द्याव्यात. पाणी घालून तयार केलेल्या औषधाच्या बाटलीवर त्या दिवसाची तारीख लिहावी आणि फ्रिजमध्ये ठेवायचं का ते विचारून घ्यावं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या किनाऱ्यावर गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. रोजच्या औषधावर जगणारं जनावर घरात असेल, तर पावसाआधी जास्तीचा साठा हवा. इन्सुलिन असेल तर बर्फाची सोयही हवी.

चुकीचं औषध पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. त्या मिठाचीच बाधा होते. लक्षणांची वाटही पाहू नये. पट्टी बरोबर घ्यावी, किती दिलं आणि केव्हा दिलं ते लपवू नये. डॉक्टर रागावतील या भीतीने घरचे गप्प बसतात आणि उताऱ्याची वेळ निघून जाते.

पावसाळ्यात गेटवे-मांडव्याच्या लाँच बंद असतात. वडखळमार्गे परळचं पशुरुग्णालय गाठेपर्यंत मोलाचे तास जातात. तेव्हा जवळच्या पशुवैद्यांचा, रात्री कोण येतं त्यांचा आणि पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा. आणि तुमच्या जनावराचं वजन त्याच्याच खाली लिहा.