शांतीसाठी सिद्धता

शास्त्रपाठ : फिलिप्पै ४:१-९, दानीएल ६:१-१०, मार्क ४:३५-४१

उपासनेच्या शेवटी पाळक आशीर्वाद देतात, आणि आपण शांत मनाने घरी जातो. सोमवारी सकाळी ती शांती कोठे असते? मुलाची फी, आजाऱ्याचे औषध, शेजाऱ्याचे टोचून बोलणे, यांपैकी एखादी गोष्ट पुढे आली की रविवारचे सर्व विसरायला होते. मग आपण म्हणतो, “माझा विश्वासच कमी.” बहुधा विश्वास कमी नसतो, सिद्धता कमी असते. इफिस ६:१५ मध्ये पौलाने शांतीच्या सुवार्तेबरोबर हाच शब्द जोडला आहे, आणि ती सिद्धता त्याने पायांत घालावयास सांगितली आहे. वाट चालू लागण्यापूर्वी वहाणा घालतात. काटा रुतल्यावर नव्हे.

दानीएलाचे उदाहरण पाहा. राजाच्या फर्मानावर सही झाल्याचे कळल्यावर तो घरी गेला आणि दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून त्याने प्रार्थना केली. त्या वचनाचा सर्व भार शेवटच्या भागावर आहे : हे तो पूर्वीपासून करीत आला होता. सिंहांच्या गुहेपुढे उभे राहून प्रार्थना करण्यास शिकायची वेळ त्याच्यावर आली नाही. प्रभु येशूही वादळात उशीवर डोके ठेवून झोपला होता. पण मार्काच्या ४ थ्या अध्यायातील ती झोप वाचताना १ ल्या अध्यायातील ३५ वे वचन विसरू नये. तेथे तो अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थना करीत आहे.

आता आपल्याकडची एक गोष्ट. पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठी, तसेच डिचोलीत मांडवीच्या काठी खाजन शेते आहेत. भरतीला नदीत समुद्राचे खारे पाणी चढते, आणि शेत त्या पाण्याच्या पातळीखाली असते. तरीही तेथे भात पिकते, कारण मध्ये बांध असतो व बांधात मानस असते. मानशीला लाकडी दारे असतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. भरतीच्या वेळी तेथे कोणी धावत जाऊन दार लोटीत नाही. काम आधीच झालेले असते. ओहोटीत चिखल चढवलेला असतो, कुजलेली फळी बदललेली असते.

फिलिप्पैकरांस पत्र ४:७ मध्ये देवाची शांती आपली अंतःकरणे राखील असे पौल लिहितो. ‘राखणे’ यासाठी मूळ ग्रीक भाषेत त्याने वापरलेला शब्द पहाऱ्यावरच्या शिपायांचा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. तेथील वाचकांना तो शब्द लगेच कळला असेल. लिहिणारा स्वतः बंधनात होता, हेही लक्षात ठेवावे.

मानशीचे दुसरे काम आपण विसरतो. ती केवळ खारे पाणी अडवत नाही, पावसाचे साठलेले पाणी बाहेरही सोडते. दार कायमचेच बंद राहिले तर शेत आतल्या पाण्यानेच कुजेल. काही ख्रिस्ती माणसे अशीच असतात. बाहेरून शांत, आत सगळे तुंबलेले! ६ व्या वचनात पौल काळजी करू नका एवढे सांगून थांबत नाही. मागणे देवाला कळवा, तेही आभारासह, असे सांगतो. स्तोत्र ६२:८ मध्येही मन देवापुढे ओतण्यास सांगितले आहे.

आणि बांध फुटतो कशाने? मोठ्या लाटेने फुटतो असे आपल्याला वाटते. परंतु पुष्कळदा सुरुवात खेकड्याच्या बिळाने होते. बीळ लहान, पण पाणी त्यातून वाट काढते, आणि एकदा खारे पाणी शेतात शिरले की मीठ धुऊन जाण्यास पावसाळे जावे लागतात. पौलाने शांतीचे वचन लिहिण्यापूर्वी, त्याच अध्यायाच्या २ ऱ्या वचनात, युवदीया व सुंतुखे या दोन भगिनींना एकचित्त होण्याची विनंती केली आहे. हा योगायोग मला वाटत नाही. बांध एकाचा नसतो. एकाच्या हद्दीतले बीळ सर्वांचे शेत बुडवते.

येथे कोणी विचारील, “मग शांती आपल्या प्रयत्नांनी मिळते काय?” नाही. रोम ५:१ प्रमाणे देवाबरोबरची शांती ख्रिस्ताद्वारे विश्वासाने मिळालेली आहे. बांध पाऊस पाडीत नाही, आणि भात बांधामुळे उगवतही नाही. पाऊस वरून येतो. बांध एवढेच करतो की आलेली कृपा खारट होऊ नये.

डिचोलीने मोठी भरती पाहिली आहे. २०१२ साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, आणि पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रकासाठी कर्ज काढलेल्या घरी जाऊन ‘काळजी करू नका’ एवढे वाचून उठणे बरे नव्हे. याकोब २:१६ त्याविषयी कठोरपणे बोलतो. अशा घरासाठी मंडळीची सिद्धता म्हणजे प्रार्थना, आणि तिच्याबरोबर तांदळाची पिशवीसुद्धा.

पेडण्यात मोपला विमानतळ झाला. २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली. ज्यांची शांती केवळ निवांतपणावर उभी होती त्यांना आता ती दुसरीकडे शोधावी लागेल. घरी एक ठरलेली वेळ पाळावी, मग ती पंधराच मिनिटे का असेना. एक लहान उतारा वाचावा, मनातली गोष्ट नाव घेऊन देवाला सांगावी, एका गोष्टीबद्दल आभार मानावेत. घरात लहान मुले असतील तर वेळ चुकेल. चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे, स्वतःला दोष देत बसू नये.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी : लहान वर्गाला फळ्यावर बांध, मानस आणि भरतीचे पाणी काढून दाखवावे, व दार कोणत्या बाजूने मिटते हे मुलांनाच विचारावे. जवळ खाजन असेल तर ओहोटीच्या वेळी मोठ्यांना सोबत घेऊन मुलांना तेथे न्यावे. मोठ्या वर्गाने फिलिप्पै ४:२ वाचल्यावर दोन मिनिटे शांत बसावे, आणि ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे त्याचे नाव प्रत्येकाने मनात घ्यावे. ते मोठ्याने सांगायचे नाही. पण पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी त्या घरी जाऊन यावे.